संगणकाची विचारपूस – भाग ९ : कीबोर्ड दिसत नाही, माऊस हलत नाही

दहावी-बारावीचे निकाल हातात पडले की मानोऱ्यातल्या सेवा केंद्रांसमोर रांगा लागतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचं प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास अशी कागदांची नावं घेत माणसं सकाळपासून उभी असतात. पोहरादेवीकडच्या तांड्यांवरून आलेल्या बापाची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते. अशा वेळी केंद्रातल्या संगणकाचा पडदा उजळतो आणि तिथंच थांबतो. माऊस फिरवला तरी बाण जागचा हलत नाही, कीबोर्डवर कितीही बोटं आपटली तरी पासवर्डच्या चौकटीत एक ठिपका उमटत नाही. मग सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतं, नवा कीबोर्ड आणा. कोणी म्हणतं, विंडोज उडाली, फॉरमॅट मारावं लागेल. कोणी सीपीयू उचलून दिग्रसला नाहीतर कारंजाला न्यायची तयारी करतं.

गेल्या आठवड्यात आपण यूपीएस आणि विजेच्या चढउताराबद्दल बोललो. आजचा विषय दिसायला छोटा आहे, पण त्याच्यामुळे वाया जाणारे दिवस छोटे नाहीत. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं दाखला ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा अधिकार नागरिकाला दिला. तो अधिकार प्रत्यक्षात उतरतो तो टेबलावरच्या एका कीबोर्डमधून. टायपिंगच्या वर्गातल्या मुलामुलींचंही तसंच. राज्य परीक्षा परिषदेची मराठी तीस किंवा चाळीस शब्दांच्या वेगाची परीक्षा संगणकावर होते. सरावाच्या दिवसांत वर्गातलं एक यंत्र बंद पडलं तर एका विद्यार्थ्याचा तास जातो. म्हणून हा बिघाड आपल्या गावात, आपल्या हातांनी शोधता आला पाहिजे. त्यातला बराचसा खरोखर शोधता येतो, त्यासाठी पेचकसही लागत नाही.

ठिबकच्या शेवटच्या नळीतून पाणी पडत नसेल, तर शेतकरी आधी मोटार बघतो, मग फिल्टर, मग व्हॉल्व्ह, मग नळी. तो सगळं ठिबक उखडून नवं टाकत नाही. कीबोर्ड-माऊसचं नेमकं हेच आहे. बटण दाबल्यापासून पडद्यावर अक्षर उमटेपर्यंत ठरलेले टप्पे आहेत. कोणत्या टप्प्यावर काम अडलं हे कळलं की उपाय समोर असतो. ते कळेपर्यंत काही विकत घेऊ नये आणि काही पुसू नये.

ओळख कशी पटते

आज बहुतेक कीबोर्ड-माऊस यूएसबीवर चालतात. यूएसबीचं पहिलं मानक जानेवारी १९९६ मध्ये जाहीर झालं. ते घडवणाऱ्यांमध्ये इंटेलचे अजय भट्ट आघाडीवर होते, आणि त्यांचं अभियांत्रिकीचं शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झालं. त्यापूर्वी प्रत्येक उपकरणाचं तोंड वेगळं असायचं आणि नवं काही जोडलं की संगणक बंद करून पुन्हा चालू करावा लागायचा. चालू यंत्राला काहीही जोडा, ते आपोआप ओळखलं जावं, ही यूएसबीमागची इच्छा होती.

साध्या यूएसबी वायरीत चार तारा असतात. लाल तारेतून पाच व्होल्ट येतात, काळी परतीची, आणि पांढरी व हिरवी माहितीची. पिन पोर्टात गेली की आधी वीज पोचते. मग उपकरण माहितीच्या दोनपैकी एका तारेवर दाब चढवून ‘मी आलो’ असं कळवतं. कीबोर्ड आणि माऊस बहुधा सर्वात संथ गटात मोडतात, सेकंदाला १५ लाख बिट. संगणक त्या पोर्टाला रीसेटचा इशारा देतो आणि विचारतो, तू कोण? उत्तरात उपकरण आपल्या कंपनीचा क्रमांक, मॉडेलचा क्रमांक आणि आपला वर्ग सांगतं. संगणक त्याला १ ते १२७ मधला एक पत्ता देतो. मग ऑपरेटिंग सिस्टीम त्या वर्गाला साजेसा ड्रायव्हर, म्हणजे उपकरणाशी बोलणारा प्रोग्रॅम, जोडते, आणि त्यानंतरच पहिलं अक्षर उमटतं. हे सगळं डोळ्याची पापणी लवेपर्यंत उरकतं.

यातून तीन प्रश्न हाती येतात. वीज पोचली का? विचारणा-उत्तर झालं का? ड्रायव्हर बसला का? पुढच्या सगळ्या तपासण्या या तीन प्रश्नांच्याच आहेत, आणि क्रमही हाच ठेवायचा.

दिवे काय सांगतात

माऊसच्या पोटातला लाल दिवा लागला की लोक म्हणतात, माऊस चालू आहे. तो दिवा फक्त वीज पोचल्याचं सांगतो. पांढरी किंवा हिरवी तार आतून तुटली असेल तरी लाल दिवा बिनदिक्कत जळत राहू शकतो. संगणक बंद केल्यावरही कित्येक यंत्रांत तो जळतो, कारण मुख्य प्लग लावलेला असेपर्यंत पाच व्होल्टचा एक प्रवाह मदरबोर्डवर चालूच असतो.

कीबोर्डवरचा कॅप्सलॉकचा दिवा मात्र फार कामाचा साक्षीदार आहे. तो कीबोर्ड स्वतः लावत नाही. तुम्ही कॅप्सलॉक दाबता, कीबोर्ड ते संगणकाला कळवतो, ऑपरेटिंग सिस्टीम त्याची नोंद घेते आणि उलट आज्ञा पाठवते, तेव्हा दिवा लागतो. म्हणजे कॅप्सलॉक दाबल्यावर दिवा लागत-विझत असेल, तर वायर, पोर्ट, ड्रायव्हर सगळं ठीक आहे आणि दोन्ही दिशांनी बोलणं चालू आहे. मग अडचण पुढे आहे, एखाद्या अडकलेल्या प्रोग्रॅममध्ये किंवा भाषेच्या सेटिंगमध्ये. दिवा ढिम्म राहिला, तर कीबोर्ड ओळखला गेलेला नाही किंवा संगणकच हँग झाला आहे. अशा वेळी माऊसचा बाण हलतो का ते बघा. तो हलत असेल तर संगणक जिवंत आहे आणि दोष कीबोर्डच्या बाजूला आहे.

कानही उघडे ठेवा. विंडोजमध्ये उपकरण जोडलं की दोन सुरांचा छोटा आवाज येतो, काढलं की वेगळा येतो. कोणी हात न लावता हे दोन्ही आवाज आलटून-पालटून येत असतील, तर उपकरण सारखं तुटतंय आणि जोडलं जातंय. वायर आतून तुटत आली आहे, पिन सैल आहे किंवा वीज कमी पडते आहे.

वायर, पिन आणि पोर्ट

पहिलं काम, पिन काढून दुसऱ्या पोर्टात लावा. तेही सीपीयूच्या मागच्या बाजूला, कारण तिथले पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात. पुढचे पोर्ट आतल्या एका वायरीनं मदरबोर्डला जोडलेले असतात आणि पेनड्राइव्हच्या रोजच्या काढघालीनं सैल होतात.

दुसरं, अदलाबदल करा. संशयित कीबोर्ड शेजारच्या चालत्या संगणकाला लावा आणि तिथला चालता कीबोर्ड इथं लावा. या दोन चाचण्यांत निकाल लागतो. कीबोर्ड दुसरीकडेही मेला असेल तर दोष कीबोर्डचा, दुसरीकडे चालला तर दोष या संगणकाचा. दुकानात जाण्याआधी एवढं केलं तर चांगला कीबोर्ड टाकून देण्याचा खर्च वाचतो.

तिसरं, वायर बोटांनी चाचपत जा. ती सर्वात आधी दोन ठिकाणी तुटते, पिनच्या मानेशी आणि कीबोर्डच्या पाठीतून बाहेर पडते तिथं. टेबलाच्या कडेला घासली जाणारी किंवा खुर्चीच्या चाकाखाली येणारी जागाही बघा. गोदामाला लागून असलेल्या खोलीत उंदरांनी वायर कुरतडलेली सापडते. पोर्टात बॅटरीच्या उजेडात डोकावा. उन्हाळ्यात आपल्याकडची धूळ आणि पावसाळ्यातली ओल एकत्र आली की आतल्या पत्र्यांवर थर चढतो. संगणक बंद करून, प्लग काढून, कोरड्या मऊ ब्रशनं तो साफ करावा. पाणी, तेल किंवा टाचणी आत घालू नये. आतला पत्रा वाकून लाल आणि काळी बाजू एकमेकांना टेकली, तर संगणक त्या पोर्टाची वीज तोडतो आणि पडद्यावर जादा वीज ओढली जात असल्याचा इशारा येतो. असं पोर्ट पुन्हा वापरू नका.

लाईट गेल्या-आल्यानंतर सगळेच पोर्ट एकदम गप्प झाले असतील, तर संगणक बंद करा, मागचा मुख्य प्लग काढा, पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा आणि मग पुन्हा जोडा. मदरबोर्डवर उरलेली वीज निघून जाते आणि अडकलेला यूएसबी नियंत्रक नव्यानं सुरू होतो. विजेचा लपंडाव चालणाऱ्या गावात हा उपाय पहिल्या काहींत ठेवावा.

हबवरची गर्दी

सेवा केंद्रातल्या टेबलावर कीबोर्ड-माऊस एकटे नसतात. बोटांचे ठसे घेणारं यंत्र, वेबकॅम, प्रिंटर, पेनड्राइव्ह, डिजिटल स्वाक्षरीची चावी असं सगळं असतं. पोर्ट कमी पडतात म्हणून चार तोंडांचा हब लावला जातो, आणि गडबड तिथं सुरू होते.

यूएसबी २.० च्या एका पोर्टातून ५०० मिलीअँपिअर वीज मिळते. स्वतःचा अडॅप्टर नसलेला हब तेवढ्यातच भागवतो. स्वतःसाठी १०० राखून उरलेल्यातून तो प्रत्येक तोंडाला १०० देऊ शकतो. कीबोर्ड आणि माऊसला तेवढं पुरतं. ठशाचं यंत्र किंवा वेबकॅम मात्र त्याहून जास्त मागू शकतं. ठसा घेण्याच्या क्षणी यंत्राचा दिवा पेटतो, वीज खेचली जाते आणि शेजारचा माऊस गळून पडतो. केंद्रचालकाला वाटतं माऊस खराब झाला. माऊस चांगला असतो, त्याच्या वाट्याची वीज गेलेली असते.

उपाय सोपा आहे. कीबोर्ड आणि माऊस कायम मागच्या पोर्टांत थेट लावा. जास्त वीज खाणारी यंत्रंही थेट लावा. हबवर पेनड्राइव्हसारखं अधूनमधून लागणारं ठेवा, किंवा स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या. लांब एक्स्टेंशन वायरही टाळा. संथ गटातल्या उपकरणाच्या वायरीची मर्यादा तीन मीटरच्या आसपास धरलेली आहे. भिंतीपलीकडून वायर ओढली की ओळख पटण्यात अडथळे येऊ लागतात.

बायोसची कसोटी

आता सगळ्यात मोलाची तपासणी. संगणक चालू करताच डिलीट किंवा एफ-टू हे बटण दाबत राहा. कोणतं बटण ते सुरुवातीच्या पडद्यावर लिहिलेलं असतं. निळा, राखाडी किंवा काळा सेटिंगचा पडदा उघडला, तर ते बायोस आहे. विंडोज किंवा लिनक्स सुरू होण्याआधीची ही पायरी. इथं बाणांची बटणं चालवून बघा.

बायोसमध्ये कीबोर्ड चालला आणि विंडोजमध्ये नाही, तर वायर, पिन, पोर्ट आणि कीबोर्ड निर्दोष सुटले. दोष ऑपरेटिंग सिस्टीमच्या आत आहे. बायोसमध्येच तो चालला नाही, तर विंडोजला हात लावण्यात अर्थ नाही, आधी वायर आणि पोर्टाकडे परत जा. एका चाचणीत अर्धी शक्यता गळून पडते. याला अपवाद दोन. काही यंत्रांत बायोसमधलं ‘लेगसी यूएसबी सपोर्ट’ बंद केलेलं असतं, आणि काहींत ‘फास्ट बूट’ चालू असल्यानं सुरुवातीला यूएसबीकडे बघितलंच जात नाही. दुसरा कीबोर्ड लावूनही बायोस उघडत नसेल तर या दोन सेटिंगांची शंका घ्या.

विंडोजच्या आत

दोष आत आहे हे ठरल्यावर पहिला उपाय रीस्टार्ट. इथं एक बारकावा लक्षात ठेवा. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून ‘शटडाऊन’ पूर्ण होत नाही. पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून विंडोज आपल्या गाभ्याची आणि ड्रायव्हरची अवस्था डिस्कवर साठवून ठेवते आणि चालू करताना तीच परत उचलते. त्यामुळे अडकलेला ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी सकाळीही अडकलेलाच भेटतो. ‘रीस्टार्ट’ मात्र सगळं नव्यानं उभं करतो. शिफ्ट दाबून धरून शटडाऊन केलं तरी पूर्ण बंद होतं.

तेवढ्यानं भागलं नाही तर डिव्हाइस मॅनेजर उघडा. विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबलं की यादी येते, त्यात एम दाबा. ‘कीबोर्ड्स’, ‘माइस अँड अदर पॉइंटिंग डिव्हायसेस’ आणि ‘युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स’ हे तीन गट बघा. कुठे पिवळं त्रिकोणी चिन्ह किंवा खाली वळलेला बाण असेल तर त्या ओळीवर डबल क्लिक करून कोड वाचा. कोड २२ म्हणजे उपकरण कोणीतरी बंद करून ठेवलंय, ‘एनेबल’ करा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर नाही. कोड १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकलं नाही. कोड ४३ म्हणजे विंडोजनं ते थांबवलं, कारण त्यानं अडचण कळवली. ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ असं लिहिलेलं दिसलं, तर संगणकानं ‘तू कोण’ विचारलं आणि उत्तर नीट आलं नाही. म्हणजे पुन्हा वायर आणि पोर्ट.

ड्रायव्हर बिनसला असेल तर त्या ओळीवर ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करून रीस्टार्ट करा. विंडोज तो स्वतः पुन्हा बसवते. पण कीबोर्ड आणि माऊस दोन्ही एकदम काढू नका, आणि यूएसबीचा मुख्य नियंत्रक तर मुळीच काढू नका. दोन्ही हात एकाच वेळी बांधले जातील.

थोड्या वेळानं माऊस झोपी जातो, हलवला तरी उठत नाही, अशी तक्रार असेल तर ती वीज बचतीची आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘यूएसबी रूट हब’च्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ पानावर वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी दिलेली असते, ती खूण काढा.

एकच हात शिल्लक असताना

माऊस गेला तरी कीबोर्डवर बहुतेक कामं होतात. टॅबनं पुढे सरका, बाणांनी निवडा, एंटरनं उघडा, शिफ्ट आणि एफ-टेन एकत्र दाबून उजव्या क्लिकची यादी काढा. डावा अल्ट, डावा शिफ्ट आणि नमलॉक एकत्र दाबले की अंकांची बटणं माऊसचं काम करू लागतात.

कीबोर्ड गेला आणि माऊस असेल, तर लॉगिनच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात खाली सुगम्यतेचं चिन्ह असतं. त्यावर क्लिक करून ‘ऑन-स्क्रीन कीबोर्ड’ निवडा आणि पासवर्ड माऊसनं टिपा. रांगेतली कामं थांबत नाहीत. पडद्यावर पासवर्ड टिपताना मागे कोण उभं आहे तेवढं बघा.

ओळख पटलेली, तरी अक्षर नाही

कितीदा तरी कीबोर्ड पूर्ण निरोगी असतो. उजवा शिफ्ट आठ सेकंद दाबला गेला की विंडोज ‘फिल्टर कीज’ सुरू करायचं का विचारते. कीबोर्डवर पावतीपुस्तक किंवा फाईल ठेवली की ते बटण दबतं, आणि घाईत कोणीतरी ‘यस’वर टिचकी मारतं. मग हलकी, झटपट बोटं विंडोज मोजतच नाही, फक्त रेंगाळून दाबलेलं बटण घेते. टायपिंगचा वेग असलेल्या माणसाला कीबोर्ड मेल्यासारखा वाटतो. सेटिंगमधल्या सुगम्यतेच्या पानावर जाऊन ते बंद करा.

दुसरा नेहमीचा प्रकार भाषेचा. मराठी इनस्क्रिप्ट मांडणी चालू राहिलेली असली तर के दाबल्यावर क येतो, जे दाबल्यावर र, एच दाबल्यावर प. कागद टाइप करताना हे लगेच दिसतं. पासवर्डच्या चौकटीत मात्र सगळीच अक्षरं ठिपके होतात, त्यामुळे पासवर्ड चुकतो आणि दोष कीबोर्डवर जातो. लॉगिनच्या पडद्यावर भाषेचं चिन्ह बघा आणि विंडोज व स्पेस एकत्र दाबून इंग्रजीवर या. मराठी-इंग्रजी दोन्ही चालणाऱ्या प्रत्येक टेबलावर ही तपासणी आधी व्हावी.

माऊसची ओळख पटूनही बाण थरथरत असेल किंवा उडत असेल, तर खालचा पृष्ठभाग बघा. काचेवर आणि चकचकीत सनमाइक्यावर माऊसच्या डोळ्याला खुणा सापडत नाहीत. साधा कोरा कागद खाली ठेवून बघा. फरक पडला तर पॅड घ्या.

बिनवायरी जोड्या

डोंगलवर, म्हणजे पोर्टात लागणाऱ्या छोट्या रिसीव्हरवर, चालणाऱ्या कीबोर्ड-माऊसमध्ये आधी सेल बदला, मग खालचं चालू-बंद बटण बघा. डोंगल दुसऱ्याच जोडीचा तर लागला नाही ना, हेही तपासा. एका जोडीचा डोंगल बहुधा दुसऱ्या जोडीला चालत नाही. डोंगल मागच्या निळ्या यूएसबी ३.० पोर्टात, शेजारी बाहेरची हार्ड डिस्क, अशी मांडणी असेल तर माऊस अडखळतो. यूएसबी ३.० च्या वायरी आणि जोड २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट पसरवतात आणि हे डोंगल त्याच पट्ट्यात बोलतात, हे इंटेलनं २०१२ मध्येच मांडलं होतं. डोंगल पुढच्या पोर्टात आणा किंवा छोट्या वायरीनं टेबलावर घ्या. ब्लूटूथची जोडी बायोसमध्ये सहसा चालत नाही. त्यामुळे कितीही चांगली बिनवायरी जोडी असली तरी प्रत्येक केंद्रात एक जुना वायरचा कीबोर्ड कपाटात असावा.

जुनी यंत्रं आणि ताजा धडा

शाळा आणि कार्यालयांतल्या जुन्या संगणकांवर गोल तोंडाची पीएस-टू जोडणी अजून दिसते. १९८७ मध्ये आयबीएमनं ती आणली. कीबोर्डसाठी जांभळं तोंड, माऊससाठी हिरवं. दोन्हींचा आकार एकच, त्यामुळे ते उलटे लागतात आणि दोन्ही ओळखले जात नाहीत. ही जोडणी चालू यंत्रात काढू-घालू नये. संगणक बंद करा, सहा बारीक पिनांपैकी एखादी वाकली आहे का बघा, जोडा, मग चालू करा.

जुनी विंडोज नव्या यंत्रावर चढवताना वेगळीच अडचण येते. २००९ च्या विंडोज ७ मध्ये यूएसबी ३.० चा ड्रायव्हर नाही. २०१५ पासूनच्या इंटेलच्या यंत्रांत जुना यूएसबी २.० नियंत्रक काढून टाकला. त्यामुळे अशा यंत्रावर विंडोज ७ ची डीव्हीडी लावली की बायोसमध्ये चालणारा कीबोर्ड पहिल्याच पडद्यावर गप्प होतो. कीबोर्ड बदलून काही होत नाही, विंडोज ७ च्या त्या प्रतीतच ड्रायव्हर घालावा लागतो.

हेच मोठ्या प्रमाणावर १४ ऑक्टोबर २०२५ ला घडलं. त्या दिवशी विंडोज १० चा आधार संपला, आणि त्याच दिवशी आलेल्या विंडोज ११ च्या केबी५०६६८३५ या अपडेटनं दुरुस्तीच्या पडद्यावर यूएसबी कीबोर्ड आणि माऊस निकामी केले. रोजच्या विंडोजमध्ये ते व्यवस्थित चालत होते. दुरुस्तीचा पडदा ही एक वेगळी, छोटी विंडोज असते आणि तिचे ड्रायव्हर वेगळे असतात, बिघाड तिथं होता. २० ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टनं केबी५०७०७७३ सोडून तो सुधारला. त्या सहा दिवसांत ज्यांनी चांगले कीबोर्ड फेकले असतील, त्यांचा पैसा फुकट गेला. एकच उपकरण एका पडद्यावर चालतं आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यावरूनच दोष उपकरणात नाही हे ठरतं.

लिनक्सवर, मग ती उबुंटू असो वा सी-डॅकची बॉस, तपासणी आणखी सरळ आहे. टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी ही आज्ञा दिली की जोडलेल्या सगळ्या यूएसबी उपकरणांची नावं येतात. यादीत कीबोर्ड असेल तर विचारणा-उत्तर झालं, नसेल तर वायर-पोर्ट. डीमेसेज ही आज्ञा प्रत्येक जोडणीची नोंद क्रमानं दाखवते, आणि ‘तू कोण’ला उत्तर आलं नाही तर तसं स्पष्ट लिहिते.

काय करू नये आणि काय लिहून ठेवावं

कीबोर्डसाठी संगणक फॉरमॅट करू नका. साध्या कीबोर्ड-माऊसला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, तो विंडोज आणि लिनक्समध्ये आधीपासून असतो. म्हणून ‘ड्रायव्हर अपडेट’ करून देणारे फुकटचे प्रोग्रॅम उतरवू नका. मदत करतो म्हणून फोनवरून यंत्राचा ताबा मागणाऱ्या अनोळखी माणसाला तो देऊ नका. सेवा केंद्राच्या संगणकात शेकडो लोकांचे आधार क्रमांक, सातबारे आणि बँकेचे तपशील असतात. कीबोर्ड तीनचारशे रुपयांत मिळतो, ती माहिती गेली की परत येत नाही. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवा.

सगळं करून अडलं तर दुरुस्ती करणाऱ्याला फोन करण्याआधी चार गोष्टी कागदावर उतरवा. कॅप्सलॉकचा दिवा लागतो का, बायोसमध्ये चालतो का, दुसऱ्या पोर्टावर आणि दुसऱ्या संगणकावर काय होतं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोणता कोड दिसतो. ‘कीबोर्ड चालत नाही’ एवढंच ऐकून वाशीमचा कारागीर येताना काय आणावं हे ठरवू शकत नाही. ‘बायोसमध्ये चालतो, विंडोजमध्ये कोड १०, दुसरा कीबोर्ड लावूनही तेच’ हे ऐकलं तर तो अर्धं काम फोनवरच करून देतो, आणि रांगेतल्या माणसाला उद्या परत यावं लागत नाही. हे चार प्रश्न आजच एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवा. केंद्रातल्या नव्या मुलाला-मुलीलाही ते शिकवा.

पुढच्या आठवड्यात प्रिंटर : कागद आत, आज्ञा दिलेली, तरी छपाई रांगेत का अडकते.